वर्षाचा गाडी-कर की डिझेलवरचा कर? सभासदांनी करावयाचा हिशोब



वाहतुकीचे करार सुरू झाले की गट ऑफिसांत वाहनमालकांची वर्दळ वाढते. करारावर सही करताना त्यांची एक तक्रार हमखास असते. "साहेब, आमचा ट्रक पाच महिने ऊस ओढतो आणि सात महिने लिंबाखाली उभा राहतो. कर मात्र बारा महिन्यांचा. सरकारनं हा वर्षाचा कर काढूनच टाकावा आणि काय दोन रुपये वाढवायचे ते डिझेलवर वाढवावेत. जो जास्त पळवील तो जास्त भरील."

हे म्हणणे आता वाहनमालकांपुरते राहिलेले नाही. गावोगावच्या बैठकांत सभासदही त्याला मान डोलावतात. परंतु ट्रकवाल्याच्या सोयीचे ते ऊसवाल्याच्या सोयीचे असतेच असे नाही. म्हणून हा विषय शेतकी खात्याच्या बाजूने, उसाच्या बिलावर नजर ठेवून मांडत आहे. सभासदांनी वही-पेन्सिल घेऊन वाचावे ही विनंती.

आज कर कसा भरला जातो

गाडीवरचा कर हा राज्याचा विषय आहे. आपल्याकडे त्याचा कायदा १९५८ सालचा. दुचाकी आणि घरच्या मोटारीचा कर गाडी घेतानाच एकरकमी वसूल होतो. मोठ्या मालट्रकचा कर वजनाच्या प्रमाणात दरसाल भरावा लागतो. गाडी काही महिने रस्त्यावर येणार नसेल तर तसे आगाऊ लेखी कळवून त्या मुदतीची सूट घेण्याची सोय कायद्यात आहे. केवळ शेतीकामाच्या वाहनाचा विचारही कायद्याने वेगळा केला आहे.

डिझेल-पेट्रोलचे तसे नाही. त्यावर केंद्र सरकार लिटरमागे ठरावीक रुपयांनी उत्पादन शुल्क घेते आणि शुल्कासह होणाऱ्या रकमेवर राज्य सरकार टक्केवारीने व्हॅट घेते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, पण डिझेल-पेट्रोल त्याच्या बाहेर ठेवले गेले. पंपावर डिझेल घेणारा माणूस ट्रकवाला आहे, नांगरटवाला आहे की इंजिनावर पाणी पाजणारा आहे, हे पंपाचे मीटर विचारत नाही. पुढच्या सगळ्या हिशोबाची मेख इथेच आहे.

वाहनमालकांच्या म्हणण्यात तथ्य किती?

तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. हिशोबापुरते आकडे धरू. ऊस वाहतुकीचा ट्रक हंगामात १५० दिवस चालला आणि रोज १०० किलोमीटर धावला तर त्याचे १५,००० किलोमीटर होतात. लिटरला ४ किलोमीटर धरले तर ३,७५० लिटर डिझेल लागेल. लिटरमागे २ रुपये कर वाढला तर त्याला वर्षाला ७,५०० रुपये जादा पडतील.

आता लांब पल्ल्याचा ट्रक घ्या. तो वर्षाला ८०,००० किलोमीटर पळाला तर त्याच मानाने २०,००० लिटर जाळील आणि ४०,००० रुपये भरील. म्हणजे हंगामी वाहनाला ही पद्धत परवडते, बारमाही वाहनाला जड जाते. रस्ता जो जास्त वापरील तो जास्त भरील, हे तत्त्व इथपर्यंत बरोबर उतरते. शिवाय पंपावरच्या वसुलीत कर चुकवायला वाव नाही, हेलपाटे नाहीत, एजंट नाही, दंड नाही. या पद्धतीचे हे गुण मान्य केलेच पाहिजेत.

पण भार शेवटी कुणाच्या डोक्यावर?

आता पुढची पायरी. आपल्याला मिळणारी एफआरपी ही कारखान्याच्या गेटवर पोहोच उसाची असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. आपल्या हातात पडते ती रक्कम त्या-त्या कारखान्याच्या उताऱ्याप्रमाणे निघालेल्या दरातून तोडणी-वाहतूक खर्च वजा जाऊन. म्हणून वाहतुकीचा खर्च टनाला एक रुपयाने वाढला की सभासदाच्या बिलातून एक रुपया गेलाच म्हणून समजा.

वाहतुकीचे दर ठरवताना सगळ्यांची नजर डिझेलच्या भावावर असते. भाव चढला की दरवाढीचे अर्ज आठ दिवसांत टेबलावर येतात आणि त्यांत वावगे काही नाही, कारण गाडी पाण्यावर चालत नाही. पण वर्षाचा कर माफ झाला म्हणून आपणहून दर उतरवा असा अर्ज कुणी देईल काय? कर माफीचा लाभ गाडीमालकाच्या घरी राहणार आणि डिझेलवाढीचा बोजा दरातून सभासदाकडे येणार. यात कुणाची लबाडी आहे असे मी म्हणत नाही. व्यवहाराची वाटच तशी पडलेली आहे.

किती बोजा येईल? शेतापासून कारखाना २५ किलोमीटर, येऊन-जाऊन ५० किलोमीटर. १६ टन खेप धरली तर साडेबारा लिटर डिझेल लागले, म्हणजे टनाला पाऊण लिटरपेक्षा थोडे जास्त. लिटरला २ रुपये वाढले तर टनामागे १ रुपया ५६ पैसे. आकडा लहान दिसतो. पण सहा लाख टन गाळप धरले तर हीच रक्कम ९ लाख ३६ हजार रुपये होते. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते थेंबाथेंबाने आटतेही.

शेतातले डिझेल रस्त्यावर कधी येते?

आतापर्यंत आपण फक्त रस्त्यावरचे डिझेल मोजले. उसाच्या एका एकराला नांगरट, रोटर, सरी पाडणे, बाळबांधणी, मोठी भरणी, पाचट कुट्टी ही सगळी कामे आज बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरनेच होतात. हिशोबाला एकरी ३५ लिटर धरू. ज्याच्या वहीत वेगळा आकडा असेल त्याने आपला घालावा. लिटरला २ रुपये वाढले तर एकरी ७० रुपये. एकरी ४० टन उतारा आला तर टनामागे १ रुपया ७५ पैसे.

वरचा वाहतुकीचा आकडा पुन्हा बघा. तो १ रुपया ५६ पैसे होता. म्हणजे ज्या डिझेलने डांबरी रस्ता पाहिलाही नाही त्यावर बसणारा 'रस्त्याचा कर' वाहतुकीच्या डिझेलवरच्या करापेक्षा जास्त भरला! दोन्ही मिळून १०० टन ऊस घालणाऱ्या सभासदाला ३३१ रुपये पडले. रात्री वीज नाही म्हणून इंजिन लावणारा, ओढ्यावरून पाणी उचलणारा, त्याचा हिशोब आणखी वेगळा. तोडणी मजुरांची टंचाई वाढत चालली तसे ऊस तोडणी यंत्रही फडात दिसू लागले आहे. ते दिवसभर सरीतच डिझेल जाळते. त्याचाही खर्च तोडणी दरातून आपल्याच बिलात येणार.

वर्षाचा गाडी-कर शेतीच्या औताला लागत नाही. तोच कर डिझेलवर नेला तर मात्र नांगरालाही लागतो. सभासदांनी हा फरक पक्का ध्यानात ठेवावा.

रस्ता कशाने खचतो?

'जो जास्त पळवील तो जास्त भरील' हे तत्त्व आणखी एका ठिकाणी लंगडे पडते. रस्त्याचे नुकसान किती किलोमीटर पळाले यापेक्षा एका आसावर किती वजन आले यावर जास्त अवलंबून असते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर निरनिराळ्या वजनाचे ट्रक रात्रंदिवस फिरवून याची परीक्षा घेतली गेली. तिच्यातून निघालेला ठोकताळा असा, की आसावरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याचे नुकसान दुप्पट न होता सुमारे सोळा पट होते. म्हणजे दोन हा आकडा चार वेळा मांडून त्यांचा गुणाकार करायचा.

आपल्याकडे चार टायरच्या एका आसाला असलेली १०.२ टनांची मर्यादा केंद्राने २०१८ सालच्या जुलैत वाढवून ११.५ टन केली. त्या मर्यादेवर कुणी आणखी पाव हिस्सा जादा भरला, तर या ठोकताळ्याने रस्त्याचे नुकसान जवळजवळ अडीच पट होते. त्याला डिझेल मात्र थोडेसेच जास्त लागते. म्हणजे डिझेलवरच्या करात जादा भरणारा जवळपास फुकट सुटतो, आणि दोन टन कमी पण नियमात भरणारा टनामागे जास्त कर भरतो. वजनाच्या प्रमाणात असलेला वर्षाचा कर याबाबतीत अधिक न्यायाचा आहे, कारण तो गाडीचा भार बघून लावला जातो. आपल्या गटातल्या कारखाना रस्त्यांची फेब्रुवारीत काय दशा होते हे सभासदांना सांगायला नकोच.

पैसा कुणाच्या तिजोरीत?

रस्त्यासाठी इंधनावर कर ही कल्पना नवी नाही. १९२७ साली सरकारने नेमलेल्या रस्तेविषयक समितीचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या समितीच्या शिफारशीवरून १९२९ साली पेट्रोलवर गॅलनला दोन आणे जादा कर बसवून केंद्रीय रस्ते निधी उभा केला गेला. पुढे १९९८ साली पेट्रोलवर आणि १९९९ साली डिझेलवर लिटरमागे एक रुपया उपकर आला. २००० सालच्या कायद्याने डिझेलवरच्या उपकराचा निम्मा वाटा खेड्यांच्या रस्त्यांसाठी ठेवला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. आपल्या भागातल्या किती तरी वाड्या-वस्त्यांना त्यातून डांबर दिसले. चांगल्या कामाला चांगले म्हटलेच पाहिजे.

परंतु कायद्यातला वाटा कायम राहतोच असे नाही. २०१८ साली त्या निधीचे नाव 'रस्ते व पायाभूत सुविधा निधी' झाले आणि रस्त्यांखेरीज इतर कामेही त्यात आली. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. उपकर आणि अधिभार यांच्या रकमेत राज्यांना वाटा मिळत नाही. २०२१ सालच्या फेब्रुवारीत डिझेलवर केंद्राचे एकूण शुल्क लिटरला ३१ रुपये ८० पैसे होते. त्यातला राज्यांशी वाटून घ्यायचा भाग फक्त १ रुपया ८० पैसे! बाकी सगळी रक्कम उपकर आणि जादा शुल्काच्या नावाने जमा होत होती.

गाडी-कर आज राज्याच्या तिजोरीत जातो. तो रद्द होऊन केंद्राच्या डिझेल शुल्कात मिसळला तर जिल्हा रस्ते आणि गावरस्ते यांचा पैसा मुंबईहून दिल्लीला जाईल आणि परत किती येईल याची शाश्वती नाही. आणि राज्याने व्हॅट वाढवून तो भरून काढायचा म्हटले तर सीमाभागातले ट्रक पलीकडे भाव कमी असेल त्या दिवशी पलीकडे टाकी भरतील.

शिवाय इंधनावरचा कर एका रात्रीत बदलतो. २०२० सालच्या मे महिन्यात केंद्राने डिझेलवर एकदम १३ रुपये वाढवले. कच्चे तेल कोसळले होते, म्हणून पंपावरचा भाव त्या दिवशी चढला नाही. पण स्वस्ताईचा लाभही आपल्याला मिळाला नाही. तो कर २०२१ च्या नोव्हेंबरात १० रुपयांनी आणि २०२२ च्या मे महिन्यात ६ रुपयांनी उतरला. म्हणजे लागणीला एक भाव आणि तोडणीला दुसरा. वर्षाचा कर बदलायचा तर निदान विधिमंडळात चर्चा होते, वर्तमानपत्रात येते, माणसाला तयारी करता येते.

न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांचे उदाहरण

न्यूझीलंड हा शेती आणि दुधावर जगणारा लहान देश. तिथे हाच पेच पडला होता. पेट्रोलचा बहुतेक वापर रस्त्यावर होतो, म्हणून पेट्रोलवर त्यांनी पंपावरच कर ठेवला. डिझेल मात्र शेतात, बोटीत आणि इंजिनातही जळते. म्हणून १९७८ पासून त्यांनी डिझेलवर रस्त्याचा कर न लावता, रस्त्यावर चालणाऱ्या डिझेल गाड्यांना किलोमीटर आणि वजन यांप्रमाणे वेगळा आकार लावला. नांगरणाऱ्याला तो लागत नाही, वजनदार गाडीला मात्र जास्त लागतो. पुढे विजेच्या गाड्या आल्या. त्या पंपावर येतच नाहीत. त्यांनाही १ एप्रिल २०२४ पासून हाच आकार लागू झाला.

विजेच्या गाड्यांचा मुद्दा आपणही सोडू नये. सगळा कर डिझेल-पेट्रोलवर टाकला आणि शहरातल्या गाड्या विजेवर गेल्या, तर रस्त्याचा खर्च उचलायला मागे कोण राहील? ट्रॅक्टर, ट्रक आणि खेड्यातली जुनी मोटारसायकल.

मग आपली मागणी काय असावी?

माझ्या मते आपल्या सभासदांनी डिझेलवर कर वाढवून वर्षाचा कर रद्द करण्याच्या मागणीला पाठिंबा देऊ नये. त्याऐवजी पुढील चार गोष्टी मागाव्यात.

१) मालट्रकचा वर्षाचा कर वजनाप्रमाणे राहू द्यावा, पण हंगामी ऊस वाहनांना न वापराची सूट मिळण्याची पद्धत सोपी करावी. हंगाम संपल्यावर कारखान्याने दिलेला वाहन बंदचा दाखला त्यासाठी ग्राह्य धरावा. वाहनमालकांची खरी तक्रार एवढ्याने मिटते.

२) दुचाकी आणि घरच्या मोटारीचा एकरकमी कर कमी करून तो पेट्रोलवर घ्यायचा असेल तर त्यावर विचार व्हावा. पेट्रोल नांगराला लागत नाही, आणि आठवड्यातून एकदा बाजाराला जाणाऱ्याचा त्यात फायदा आहे. फक्त पेट्रोलचा खप फार घटला तर आपल्या इथेनॉलचा खपही घटेल, तेव्हा हात राखून.

३) डिझेलवर पुढे कधी रस्त्याचा कर वाढलाच, तर शेतीला लागणाऱ्या डिझेलचा परतावा मिळावा. हे अशक्य नाही. आपल्याच राज्यात यांत्रिक बोटींच्या डिझेलवरील विक्रीकराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत सभासदांना दिला जातो, कारण बोट रस्त्यावर चालत नाही. मग रोटर तरी कुठे चालतो? तो परतावा थकतो अशी मच्छीमारांची ओरड असते, म्हणून मुदतीची अट आधीच घालून घ्यावी. आपल्या कारखान्याकडे प्रत्येक सभासदाची ऊसनोंद गट नंबरासह आहे. एकरी ठरावीक लिटर धरून परतावा थेट बिलासोबत देता येईल. स्वस्त डिझेल वेगळे विकण्याच्या वाटेला मात्र जाऊ नये. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला तरी त्याची भेसळ व्हायची राहिली नाही, हे आपण पाहिले आहे.

४) ऊस पट्ट्यातून गोळा होणाऱ्या करातला ठरावीक हिस्सा ऊस पट्ट्यातल्या रस्त्यांवरच खर्च व्हावा आणि त्याचा हिशोब ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.

आपल्या हातातले काम

सरकार काय करायचे ते करील. तोवर टनामागचे डिझेल कमी करणे आपल्या हातात आहे, आणि कर लिटरवर असल्यामुळे वाचलेल्या लिटरचा कर आपोआप वाचतो.

पहिले, तोडणी प्रोग्राम मोडू नका. ओळखीने मध्येच तोड आणली की टोळी आणि गाडी दोन शिवारांत हेलपाटे घालते आणि त्या मोकळ्या फेऱ्यांचे डिझेल सरासरी दरातून सगळ्यांच्या बिलात बसते. दुसरे, पाणंद रस्ता दिवाळीपूर्वी दुरुस्त करून घ्या. फडात रुतलेली गाडी काढायला दुसरा ट्रॅक्टर लावला की दोन्ही इंजिने डिझेल पितात. शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली तेव्हा ज्या गावांनी बांधाचे वाद मिटवले होते त्यांचेच प्रस्ताव आधी पुढे सरकले. रस्त्यासाठी दोन हात जागा सोडणारा सभासद तोट्यात जात नाही. तिसरे, 'आणखी दोन मोळ्या टाक' असा आग्रह गाडीवानाला धरू नका. त्या दोन मोळ्यांनी खचलेल्या रस्त्यावरूनच पुढच्या वर्षी आपली गाडी जायची आहे. चौथे, पाचट न जाळता कुट्टी करून खोडवा ठेवला तर नांगरटीचे डिझेल त्या वर्षापुरते पूर्ण वाचते. खोडव्याचा उतारा राखायला शेतकी खात्याचे कर्मचारी मदतीला आहेतच.

वाहनमालक आणि ऊस उत्पादक हे एकाच गाडीचे दोन बैल आहेत. पुष्कळ घरांत तर थोरला भाऊ ऊस लावतो आणि धाकटा ट्रॅक्टर चालवतो. एकाचे ओझे उतरवताना ते दुसऱ्याच्या मानेवर पडू नये एवढेच म्हणणे आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी ठराव सुचवण्याची मुदत असते. ज्या सभासदांना वरील चार मागण्या पटतील त्यांनी आपापल्या गट ऑफिसात लेखी द्याव्यात. न पटल्यास आपल्या वहीतले डिझेलचे आकडे घेऊन यावे. ते आकडे मला हवेच आहेत. एकरी किती लिटर लागते हे आपणच सांगितले नाही, तर परताव्याचा दर दुसरे कुणी तरी ठरवील.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते